आप्पांना ऐकू येतं

देवळाली प्रवरा,
१७ जानेवारी २०२५

ती. दादास,
पंकजाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं मोनिका वहिनी विचारेल. मी फोनवर बोलले की आप्पा पलीकडच्या आवाजाचा माणूस शोधत घरभर फिरतात, मग संध्याकाळपर्यंत खाली बसत नाहीत. मेसेजला तू अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्याचं शिक्षण मी घेतलेलं नाही. तेव्हा पत्र. सोबत तिळगूळ आहे.

श्रवणतज्ज्ञ बहीण घरात असून आप्पांचे कान कोण तपासणार, असं तू दिवाळीत म्हणाला होतास. नगरच्या मैत्रिणीकडून तपासणीचं यंत्र आणलं. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला त्यांनी बरोबर दाबलं. मग बटण हातात कशासाठी आहे तेच विसरले आणि त्याची वायर सुतळीसारखी गुंडाळून माझ्याकडे दिली. त्यामुळे कागदावर आप्पा जवळजवळ बहिरे आहेत. पण त्याच दुपारी मी मागून हाक मारली तेव्हा न हललेले आप्पा, शेतावरच्या वाल्मिकने विहिरीवरची मोटर सुरू करताच लाईट आली म्हणत ताडकन उठले. शेजारच्या राहीबाई त्यांच्याशी इतक्या मोठ्याने बोलतात की रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर थांबतो. आप्पांना त्याने फरक पडत नाही.

कान वयाच्या मानाने चांगले आहेत, दादा. या विसरण्याच्या आजारात गेलंय ते लक्ष. अनेक आवाजांतून एक निवडायचा आणि धरून ठेवायचा, हे आता होत नाही. टीव्ही, मिक्सर आणि मी त्यांच्यापर्यंत एकदमच पोचतो. त्यांना शांत घर लागतं आणि समोर बसून बोलणारं एक माणूस. आई गेल्यावर ते माणूस मी झाले, महिनाभरासाठी. संक्रांतीनंतर नेतो म्हणाला होतास. दवाखान्याने पुण्यातली माझी जागा मार्चअखेरपर्यंतच धरून ठेवली आहे. कधी येतोस?

लोभ आहेच, तो थोडा अक्षरांतही कळवावा.
पंकजा


चाकण,
२८ जानेवारी २०२५

चि. पंकजास,
अ. उ. आ.

तिळगुळाची पूड झाली होती. मोनिकाने ती दुधात घालून दिली, वाया काही गेलं नाही. तुझं पत्र म्हणजे अहवालच, खाली शिक्का तेवढा मारायचा राहिला.

आता कामाचं. कंपनीत आमच्या लाईनवरच्या गहिनीनाथच्या वडिलांना कानाचं मशीन लावलं. आता ते बातम्या ऐकून टीव्हीशी भांडतात. मोनिका म्हणते, आप्पांना ऐकू यायला लागलं तर तिची ना नाही. सांगितलेलं कळलं तर दुपारभर घरी एकटे बसतील. पण डोक्याचंच असेल तर चौथ्या मजल्यावर, आम्ही दोघंही कामावर, त्यांना बघणार कोण? मग त्यांना गावच बरं, आणि तुझ्याइतकं यातलं कळणारं दुसरं आहे कोण? तेव्हा तू मशीनची शिफारस लिही, मशीन मी पाठवतो. मार्चअखेर आप्पा इकडे, तू पुण्याला.

एक चांगली बातमी. मोटरीला मोबाईल ऑटो बसवायला माणूस पाठवतोय. वाल्मिकला हेलपाटा नको. जेवणाच्या सुट्टीत मी इथून फोन लावायचा की तिकडे मोटर सुरू. मी चाकणला बसून शेती करणार आणि तू शेतात बसून कान तपासणार, आप्पांनी वाढवलेली पोरं अशी.

आशीर्वाद आहेत, ते वापरत जा.
तुझा दादा


देवळाली प्रवरा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मशीन पोचलं. आवाज अगदी कमी ठेवून लावून पाहिलं. राहीबाई अंगणात भांडी घासत होत्या, गोठ्यात म्हैस ओरडत होती. आप्पांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि घरात लई मानसं झाल्यात, त्यांना घालवा म्हणाले. मी मशीन काढून घेतलं. ज्यांना खरंच कमी ऐकू येतं त्यांना मशीनचा उपयोग होतो, गहिनीनाथच्या वडिलांना झालाच. आप्पांची अडचण ती नाही.

आता तुझ्या ऑटोबद्दल. पूर्वी मोटर सुरू झाली की आप्पा ओट्यावरून विचारायचे, कोन हाय तिकडं? वाल्मिक विहिरीवरून ओरडायचा की मी हाय आप्पा, बसा तुमी. ते बसायचे. आता मोटर सुरू होते आणि विहिरीवर कोणीच नसतं. ते विचारतात, उत्तर येत नाही, म्हणून बघायला निघतात. बुधवारी मी अंघोळीला गेले होते. ओल्या केसांनी धावत गेले तेव्हा ते विहिरीच्या काठावर वाकून आत बघत होते.

म्हणून आता तू जेवायला बसलास की मी आतून कडी लावते आणि दाराला पाठ टेकून उभी राहते. मोटर चालू असेपर्यंत आप्पा माझ्यासमोर उभे राहून पानी वाया चाललंय, सरक म्हणतात. मी कोण हे त्या वेळी त्यांना माहीत नसतं. तू चाकणहून मोटर बंद केलीस की आम्ही दोघं सुटतो. ऑटो काढ. वाल्मिकला परत सांग.

राहिली शिफारस. लिहिली तर मी पुण्याला, नाही लिहिली तर इथेच. तू पत्र लिहीत असताना तुला हे दिसलं होतं का, एवढंच विचारते.

वहिनीस नमस्कार. लोभ कमी झालेला नाही, पत्र तेवढं कोरडं झालंय.
पंकजा


चाकण,
२० फेब्रुवारी २०२५

चि. पंकजास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि जेवण तसंच ठेवून ऑटो बंद केला. उद्यापासून वाल्मिक जाईल. हे मला सुचलंच नव्हतं गं. मोटर सुरू केली की वाटायचं, आप्पांचं एक काम तरी मी करतोय.

मोनिकाने आतली खोली रिकामी केली, पलंग आणला. मशीन लावलेला माणूस येणार, एवढं तिला पटलंय. त्याशिवाय तिला पटवणं मला जमणार नाही. दोन ओळी लिही, पंके. खोटं लिही म्हणत नाही, थोडं मोघम लिही. इथे मशीन घातलं नाही तरी चालेल, कपाटात राहील. तुला तुझी नोकरी मिळेल, त्यांना घर.

आणि खरं सांगू? दिवाळीत मी ओट्यावर कितीदा हाक मारली, आप्पा शेळीकडे बघत राहिले. तेव्हापासून मला वाटतं, कानच गेला असावा. कान गेला असेल तर मला झोप लागते.

आशीर्वाद. रागावू नकोस.
दादा


देवळाली प्रवरा,
३ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अहवाल सोबत आहे. त्यात मशीनची शिफारस नाही.

मोघम लिहिता आलं असतं. एक मसुदा केलाही होता. पण मशीन लावलेल्या माणसाने उत्तर दिलं नाही की घरातले काय म्हणतात, ते मी दवाखान्यात रोज ऐकलंय. आता ऐकू येतंय, मुद्दाम करतात, असं म्हणतात. वहिनी वाईट नाही, तरी काही दिवसांनी तीही म्हणेल, मग तू म्हणशील, आणि आप्पांना त्यांची बाजू मांडता येणार नाही. ती मांडणारा कागद माझ्याच सहीने खोटा झालेला असेल.

दवाखान्याला येणार नाही असं कळवून टाकलं. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला मीच शिकवलं होतं. तिचा हात चांगला आहे. तुला टोचावं म्हणून लिहीत नाही, पण टोचलं तर माझी हरकत नाही.

आता तुझ्या हाकेचं. रविवारी एकटा ये. मोबाईल गाडीत ठेव, टीव्ही मी बंद ठेवते. त्यांच्या समोर, त्यांच्याच उंचीवर बस. हातावर हात ठेव आणि ते तुझ्याकडे बघेपर्यंत काही बोलू नकोस. मग एकच वाक्य. मग थांब, नकोसं होईल इतकं थांब. काल मी पोट भरलं का विचारलं, ताट उचललं, घासलं, फडताळात ठेवलं, तेव्हा मागून व्हय आलं. उत्तर येतं, दादा. येईपर्यंत आपण उठून गेलेलो असतो.

तुझं नाव घेतील, अशी खात्री देत नाही. सगळी दुपार जाईल. तेवढी दुपार मी घरात नसेन. कुठे जाणार ते विचारू नकोस. हा प्रश्न मला बऱ्याच महिन्यांत कोणी विचारलेला नाही, उत्तर द्यायला मलाही वेळ लागेल.

लोभ आहेच. रविवार मोकळा ठेवावा, ही विनंती.
पंकजा