स्वेटर धुवू नकोस

मंगळवार, ता. ९
दुपारचं जेवण आटोपून

चि. बबीस,

पोटभर आशीर्वाद. जावईबापूंनाही. टकळीला दोन्ही गालांवर पापा. धाकट्या मनीला काय द्यायचं ते पुढे लिहिते.

मी घरी सुखरूप पोचले. शेजारीणबाईंनी कुंडीतल्या रोपाला पाणी घालून घालून त्याला पार कुजवून ठेवलंय. शिवणाच्या मशीनवर धूळ बसली होती, पुसून तेल दिलं. गणवेशांची कामं रखडलीत, गिऱ्हाइकं खोळंबलीत, असं तुला सांगून मी तिकीट अलीकडे ओढलं ना? इथे येऊन बघते तर पायजम्याला नाडी घालण्यापलीकडे काम नाही.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, तुझा निळा स्वेटर इथेच राहिलाय, धुवून पाठवते," आणि मी एकदम ओरडले तुझ्यावर. रंग जातो म्हणाले. अगं, त्याला आता रंग उरलाय कुठे जायला! पण मागे मनीचं रडणं ऐकू येत होतं, तुझाही आवाज चिरकला होता, तेवढ्यात जे सुचलं ते बोलले. फोनवर तू लगेच रडायला लागतेस आणि माझं सगळं घशातच राहतं. म्हणून लिहायला बसले.

आधी विमानाचं सांगते. तुला विमानतळावर "प्रवास अगदी मजेत झाला" असं सांगितलं. टकळीने तोंड उघडलं होतं, तिला डोळ्यांनी दाबलं. मजेत बिजेत काही झाला नाही.

मनीची चिंधी तुला ठाऊकच आहे. नाही, तुला कशी ठाऊक असणार. दोघी पोरींना माझ्यापाशी ठेवून तू तिकडे गेलीस तेव्हा ती पालथीसुद्धा पडत नव्हती. मी मशीनवर बसले की माझ्या जुन्या गाऊनचा एक तुकडा तिच्या मुठीत द्यायची. तो नाकाशी धरून ती गपगार झोपायची. मग ती सवयच झाली. निघायच्या आदल्या दिवशी मला काय अवदसा आठवली कोण जाणे, ती चिंधी मी साबणाने खळखळून धुतली, कडा दुमडून शिवल्या, वर कडक इस्त्री केली. आयुष्यात कुणाच्या हाती मळका कपडा दिला नाही, मग लेकीच्या हाती नात सोपवताना तिच्या मुठीत कळकट चिंधी कशी देऊ? शिवणाऱ्या बाईची खोड, दुसरं काय.

विमान वर चढताना बाटली तोंडात दिली, कान दुखले नाहीत. मला वाटलं, जिंकलं. झोपेच्या वेळी चिंधी दिली. तिने हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि भलत्याचाच झगा हाती पडल्यावर गिऱ्हाईक भिरकावतं ना, तशी भिरकावून दिली. मग जे सुरू झालं! पोरीने आकाशपाताळ एक केलं, आणि आकाशात तर आम्ही होतोच. खुळखुळा झाला, बिस्कीट झालं, कडेवर घेऊन त्या अरुंद वाटेने येरझाऱ्या झाल्या. पुढचे गृहस्थ मान वळवून म्हणाले, "आजीबाई, पोरीला गप्प करा की!" मी तोंड उघडायच्या आत टकळी सीटवर उभी राहिली, "काका, ती गप्प बसायला आलेली नाही. आईकडे चाललीय." शेजारच्या बाईला हसू आवरेना. मला मात्र हसू येत नव्हतं.

विमान उतरायला लागलं. पट्ट्याचा दिवा लागला. मनीला मांडीवर आवळून बसवलं. तिच्या कानांना दडे बसले असणार, ती मागे रेलून किंचाळली आणि मध्येच आवाज बंद झाला. तोंड उघडंच. श्वास नाही. ओठ निळे पडत चालले.

बबी, हे तिला इथेही होत असे. रडता रडता श्वास अडकतो. डॉक्टरीणबाईंनी तपासलंय, वय वाढलं की जाईल म्हणाल्या. तू लांब, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मी बोलले नाही. आता बोलायलाच हवं, कारण आता ती तुझ्याकडे आहे. असं झालं तर हलवू नकोस, तोंडात काही घालू नकोस. कुशीवर आडवी कर, श्वास आपोआप येतो. आणि तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखव, माझ्या भरवशावर राहू नकोस.

पण विमानात मला यातलं काही आठवेना. मी उठायला गेले, ती विमानातली मुलगी लांबून ओरडली, "आजी, बसा! पट्टा सोडू नका!" टकळी माझी बाही ओढत होती, "आजी, मनी बोलत का नाही? आजी!" कशीबशी मनीला मांडीवर कुशीवर वळवली. तिचं नाक माझ्या स्वेटरमध्ये खुपसलं गेलं. आणि तिने श्वास घेतला. मोठा. मग आणखी एक. मग स्वेटरचा काठ मुठीत धरून हुंदके देत झोपली.

त्या स्वेटरला काय वास येतो सांगू? मशीनच्या तेलाचा, खडूचा, आणि माझा.

तुझ्या कडेवर दिली तेव्हा ती त्याच स्वेटरात गुंडाळलेली होती. जागी झाली, तुला पाहिलं आणि माझ्याकडे हात पसरून "आई" म्हणून ओरडली. तुझा चेहरा मी पाहिला. तूही मला पाहताना पाहिलंस. पुढचे दिवस तेच. तू घास धरावास, तिने मान फिरवावी. मग त्या सकाळी स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "आई, तू जरा बाहेर जा ना. तू दिसलीस की ती माझ्याकडे बघतच नाही." आणि लगेच जीभ चावलीस.

मला राग आला म्हणून निघाले, असं तुला वाटतंय. तसं नाही गं. तू बरोबरच बोललीस. पण 'बाहेर' म्हणजे बाल्कनीत जाऊन भागणार नव्हतं.

तर स्वेटर विसरला नाही मी. मुद्दाम मनीच्या उशाखाली ठेवला होता. तो तू घाल. लाज वाटून घेऊ नकोस, कोपरावरचं ठिगळ दिसलं तर दिसू दे. तो घालून तिला भरव, तो घालून झोपव. फोडणी दे, घाम येऊ दे, तुझा साबण, तुझं तेल लागू दे त्याला. हळूहळू मी त्यातून निघून जाईन आणि तू त्यात येशील. तिला कळणारही नाही कधी ते.

त्याआधीच धुतलास तर मात्र तिला ना मी सापडेन, ना तू.

आणि एक दिवस ती स्वेटर बाजूला सारून सरळ तुझ्या मानेत नाक खुपसेल. त्या दिवशी धुवून टाक, चांगला गरम पाण्यात. मला कळव. पण फोनवर नको, पत्राने कळव. पत्र वाचताना कुणी आपल्याकडे बघत नसतं.

तुझी आई,
आणि मनीची आजी