काडी कुणी लावली?

ती. ताईस,

सा. न. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुझा गुडघा कसा आहे? (डॉक्टर "बरा आहे" म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखव.)

आता तू माझ्या लेकीसाठी सुचवलेल्या मुलाबद्दल. तो वेधशाळेत कामाला आहे, हे तूर्तास खरं मानू. रविवारी चहाला आला तेव्हा मी सहज विचारलं, तारा म्हणजे नेमकं काय. गडी टेबलावर साखर पसरून सांगायलाच लागला. आधी म्हणे वायूचा आणि धुळीचा थंडगार ढग असतो, तो स्वतःच्याच वजनाने आत दबत जातो, दबून तापतो आणि पेटतो. मी म्हटलं, काडी कुणी लावली? म्हणे, कुणीच नाही. ताई, इस्पितळाच्या धुलाईखान्यातला बॉयलर मी एकतीस वर्षं सांभाळतोय. आपोआप काही पेटलं तर आमच्याकडे चौकशी बसते.

पुढे ऐक. इंधन सरत आलं की तारा फुगतो, लाल होतो (आपले काका साठीनंतर झाले तसा), बाहेरचा पसारा सोडून देतो आणि उरलेला गोळा निवत बसतो. आपला सूर्यही त्याच वाटेने जाणार म्हणे. फार मोठा तारा असेल तर मात्र पोटात लोखंड साचतं आणि एके दिवशी स्फोट. "तुमच्या बॉयलरचं लोखंडसुद्धा अशाच मेलेल्या ताऱ्यांतलं," असं माझ्या तोंडावर म्हणाला! सोमवारी मी बॉयलरवरची पितळी पाटी पुसून वाचली. कारखान्याचं नाव आहे, साल आहे, दाब आहे. ताऱ्याचा उल्लेख नाही.

एक मात्र पटलं. मोठे तारे लवकर संपतात, छोटे पुरवून पुरवून जळतात. आमचा जुना मोठा बॉयलर असाच खादाड होता. पण हे पटलं म्हणूनच माझा संशय बळावला, कारण थापाड्या माणूस मध्ये एखादं खरं पेरतोच. म्हणून मंगळवारी सकाळी अकराला, न कळवता, वेधशाळेत जाऊन थडकलो. पहारेकरी म्हणाला, "साहेब झोपलेत." भर दिवसा! तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून ठेवली, आमचा नकार समजावा.

घरी येऊन सांगितलं, तर लेकीने एवढंच विचारलं, "बाबा, तारे दिवसा बघतात का?" तेव्हापासून आज आठ दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. डबा भरते, झाकण दाबून लावते, समोर ठेवून निघून जाते. पण मी नकारावर ठाम आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. काल बॉयलर तपासनीस आला होता. त्याला विचारलं, लोखंड मुळात येतं कुठून? म्हणाला, खाणीतून. मी म्हटलं, आणि खाणीत? तो सही करून घाईने निघून गेला. त्याच्यावरही लक्ष ठेवलं आहे.

आणखी एक. तो मुलगा म्हणाला होता, की एखाद्या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचेतो तारा विझूनही गेलेला असतो. हे पत्र तुला पोचायला चार दिवस लागतील. वरचा ठामपणाही त्या ताऱ्यासारखाच समज. तू ये, आणि येताना त्याला चहाला घेऊन ये. मी बोलावलंय म्हणू नकोस. लेकीचा आवाज ऐकून आठ दिवस झाले गं. (संध्याकाळी आण. तोवर त्याची झोप झालेली असते, मी चौकशी केली आहे.)