शालूच्या तोंडी शालूचेच बोलणे

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तालुका जावळी, मु. मेढा, जि. सातारा

अर्जदार : बनुबाई धुळा कोळेकर, धंदा मेंढपाळी व शेती, रा. खडकवस्ती, ता. कवठे महांकाळ, जि. सांगली

विषय : मेढ्यास येणाऱ्या तंबू सिनेमाच्या चालू खेळात उभे राहून एक वाक्य मोठ्याने बोलण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, अर्जदार बाईंची मुलगी शालू मॅट्रिकला आहे. स्नेहसंमेलनात ती बोलायला उभी राहिली की हेडमास्तरसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसतात. गतसाली शाळकरी मुलांवर विनोदी चित्रपट काढणाऱ्या एका कंपनीने तिला तेथे पाहिले व "खेड्यातली खरी मुलगी पाहिजे" म्हणून पाचगणीस नेले. सोबत बाई भाकरी बांधून गेल्या.

तेथे वर्गातील हुशार, देखणी, गाणी म्हणणारी व प्रेमात पडणारी मुले समस्त शहरची होती. पैकी एका विद्यार्थ्यास सकाळ-संध्याकाळ दाढी करावी लागे. खेड्यातली म्हणून एकटी शालू. तिच्या काखेत कोकरू दिले आणि मास्तरांनी इंग्रजीत नाव विचारताच घाबरून बाकाखाली दडायचे, एवढेच काम सांगितले. बाईंना राहवले नाही. म्हणाल्या, "आवं, कोकरू घिऊन साळंत कोण जातंय? आन् माझी पोर इंग्रजीत पैली हाय!" त्यावर डायरेक्टर साहेब म्हणाले, "बाई, लोकांना हेच आवडतं."

कॅमेरा सुरू झाला. मास्तरांनी नाव विचारले. शालू दडली नाही. कोकराकडे बोट करून म्हणाली, "सर, ह्याला मागच्या बाकावर बसू द्या. चार दिसांत आमच्यावानीच मान डोलवाय शिकंल." दिवे धरणाऱ्यांपासून त्या दाढीवाल्या विद्यार्थ्यापर्यंत झाडून सगळे हसले. तेच ठेवतो, असे डायरेक्टर साहेबांनी सांगितले. मायलेकी आनंदाने घरी आल्या.

परंतु चालू महिन्यात तंबू सिनेमाचे मालक लालासाहेब यांचा तंबू तोच चित्रपट घेऊन कवठ्यास आला, तेव्हा पडद्यावर ओठ शालूचे हलले आणि आवाज भलत्याच बाईचा निघाला : "म्या अडानी हाय वो, मला मारू नगा!" दुसऱ्या दिवसापासून पोरे रस्त्याने "अडानी, अडानी" ओरडू लागली. परीक्षा तोंडावर असता शालूने दप्तर फळीवर टाकले व जेवण सोडले. "आई, त्येंनी माझं त्वांड तेवढं ठिवलं आन् आवाज टाकून दिला," एवढेच ती म्हणे.

तेव्हा बाईंनी तिला दंडाला धरून पुन्हा तंबूत नेले व तो प्रसंग येताच "बोल गं" म्हणून ढोसले. शालू उठली आणि त्या भलत्या आवाजावर आपला आवाज चढवून आपले वाक्य बोलली. आधी बायकांच्या बाजूला हशा फुटला, मग पुरुषांच्या. "रीळ मागं घे रं, गड्या!" असा गलका झाला व ऑपरेटरने ते घेतले. दुसऱ्या दिवशी शालू आपण होऊन शाळेत गेली.

एवढ्यावर थांबते तर साहेबांस तसदी दिली नसती. पण बाकीच्यांनाही चेव आला. चित्रपटातील ड्रिल मास्तरांचे बोलणे पेन्शनर सुभेदार मानसिंग यांनी आपल्याकडे घेतले असून, त्यांचा हुकूम सुटताच पुढच्या रांगा उभ्या राहतात. नायिकेचे रडणे वृद्ध रंगुबाई करतात. ते मुळापेक्षा लांबत असल्याने खेळ थांबवावा लागतो. तंबू भरतो म्हणून लालासाहेबांची तक्रार नाही. मात्र परवाना चित्रपटाचा आहे, माणसांचा नाही, मेढ्यास हे चालणार नाही, असे त्यांस कुणीतरी बजावले आहे.

आता तंबू यात्रेसाठी मेढ्यास निघाला आहे. तिकडे शालूला कुणी ओळखत नाही. पडद्यावरची अडाणी तीच खरी ठरेल. परीक्षेमुळे तिला येता येत नाही, सबब अर्जदार बाई स्वतः येत आहेत. वाक्य पाठ आहे. आवाज मुलीसारखा कोवळा निघत नाही, परंतु त्याच घरचा आहे.

तरी मेहेरबान होऊन एका वाक्यापुरती परवानगी द्यावी. न मिळाल्यासही बाई बोलणारच आहेत. परंतु सरकारचा मान राहावा म्हणून आधी विचारले आहे.

साहेबांचा हुकूम शक्यतो पाळणारी,
बनुबाई धुळा कोळेकर
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहून देणार : कृष्णात पाटील, शिक्षक
कवठे महांकाळ, ता. १२ फेब्रुवारी १९७४

सोबत जोडलेले कागद : नाहीत. पुरावा तोंडी.