अकरा पोती धूळ

आमटेकडी, ता. वरोरा
१६ जानेवारी २०२५

चि. दिव्यानीस मामीचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सारे बरे, म्हणजे जित्ते आहोत. फोन लावला का तुझा मामा बाजूले येऊन बसते, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली. उत्तर शेजारच्या बुधरीच्या नावानं टाकजो.

मामानं वावर विकाचं ठरवलं. कोळसा धुवाच्या कारखान्याचा दलाल हरिदास दर रविवारी येऊन चहा ढोसते, अक्षय तृतीयेले कागद करू म्हणते. मामा म्हणते, बोंडातला पांढरा कापूस ट्रकांच्या कोळशाच्या धुळीनं घरी येईपर्यंत काळा होते, व्यापारी हात लावत नाई, मग कोणासाठी राबाचं? आयुषच्या खोलीवर वरोऱ्याले जाऊन राहू. पोराची खोली चांगली आहे, पण तिथी बसून मी काऊन टीवी पाहू? माझं सारं आयुष्य ह्या सात एकरात गेलं. मले जाचं नाई.

तुमच्या संस्थेनं कारखान्यावर पुण्याच्या हरित लवादात टाकलेल्या केसचं काय झालं? तू वकील झाली तं गावभर पेढे वाटले मी. आता मामीचं वावर वाचव, लग्नाचं मागून विचारीन.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी मामी, चंदा

चंद्रपूर
२८ जानेवारी २०२५

ती. मामीस दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि त्या दिवशी डबा तसाच परत नेला. पण बातमी चांगली आहे. लवादानं समिती नेमली, ती ६ फेब्रुवारीला आमटेकडीत येईल. मला त्याच दिवशी मुलचेऱ्याच्या एका गावासाठी गडचिरोलीला कोर्टात उभं राहायचं आहे, म्हणून आमच्या संस्थेच्या अंजुमताई येतील. अठरा वर्षं कारखान्यांशी भांडतात, आवाज मात्र कधी चढत नाही.

भीती एकच आहे. तारीख कारखान्यालाही कळवतात. ते दोन दिवस यंत्रं बंद ठेवतील, रस्त्यावर टँकरनं पाणी मारतील. समितीला डोळ्यांनी काही दिसलं नाही तर आमचे कागद लंगडे पडतात. मोठी माणसं येताहेत, गावाची तयारी नीट असू द्या. तोवर मामाची सही होऊ देऊ नकोस, वाटल्यास त्याचा चष्मा लपव.

लग्नाचं विचारलंस तर मी पत्र लिहिणं बंद करीन, पण तुझी ओढ राहीलच.
तुझी, दिव्यानी

आमटेकडी
७ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानीस अ. आ. वि. वि.

आधी वाचून घे, मग रागाव. तू तयारी ठेवा म्हणलं. आता पाहुणे येणार तं आम्ही काय करतो? मी साऱ्या बायांले गोळा केलं. आदल्या दिवशी पूर्ण गल्ली झाडली. कौलं झाडली, ओटे सारवले, झाडाची पानंसुद्धा ओल्या फडक्यानं पुसली. गाव असं चकचकीत केलं का लग्नातही कधी झालं नाई.

सकाळी अंजुमताई गाडीतून उतरल्या, इकडेतिकडे पाहिलं न मटकन ओट्यावर बसल्या. हळूच म्हणाल्या, चंदाबाई, तुम्ही सगळा पुरावाच झाडून टाकला. तिकडे कारखाना बंद, रस्ता ओला, न इकडे आम्ही अडाण्यांनी कारखान्याचंच काम करून ठेवलं. आता सही करतोच, हे मामाच्या तोंडावर दिसत होतं.

समितीतले साहेब फिरले, वहीत काही लिहीनात. त्यातल्या इंजिनिअर बाईनं सहज विचारलं का एवढं झाडलं, ते टाकलं कुठी? मी म्हणलं, उकिरड्यात टाकलं तं खत नासते, म्हणून पोत्यात भरून शाळेमागे लावलं. त्या बाई उठल्याच. पोतं सोडलं, हात घातला, मनगटापर्यंत काळा निघाला. याच्या आधी कधी झाडलं होतं, म्हणे. संक्रांतीले, मी सांगतलं. तीन आठवडे झाले. मग मामानंच कापसाचा काटा आणला न एकेक पोतं टांगलं. एका गल्लीतून अकरा पोती, चार क्विंटल बत्तीस किलो. बाईनं दोनदा वजन करवलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, नमुने सील केले. मग वहीत लिहितच गेल्या.

जातांना अंजुमताईनं माझा हात धरला. असा आकडा त्यांले दोन वर्षांत सापडला नव्हता म्हणे. मी तिथीच रडली.

मामीवर राग धरू नको, बस.
चंदा

चंद्रपूर
२२ एप्रिल २०२५

ती. मामीस शि. सा. न. वि. वि.

मामी, जिंकलो! आदेश हातात आहे, आनंदानं अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे. कोळसा पूर्ण झाकलेल्या शेडमध्ये जाईपर्यंत आणि गावाबाहेरून दुसरा रस्ता होईपर्यंत कारखाना बंद. ट्रकांना आमटेकडीतून कायमची मनाई. कारखान्याच्या वकिलानं मोठ्या ऐटीत सांगितलं की गावात धुळीचा कणही आढळला नाही. अंजुमताई उठल्या आणि वजनाचा कागद पुढे ठेवला. नमुन्यात कोळसाच निघाला होता.

तुमची अकरा पोती आदेशाच्या सोळाव्या परिच्छेदात आहेत. आता दुसऱ्या गावांनाही आम्ही सांगतो, झाडा, पण तारीख लिहून वजन करा. अक्षय तृतीयेला आठ दिवस आहेत. मामा काय म्हणतो, ते लगेच कळव. माझा जीव त्यातच अडकलाय.

तुझ्या आशीर्वादाची भुकेली,
दिव्यानी

आमटेकडी
२५ जून २०२५

चि. दिव्यानीले मामाचे आशीर्वाद.

तुही मामी म्हनते का उत्तर तूच दे, म्हून पयल्यांदा चिठ्ठी लिहून राह्यलो. उशीर झाला, हात कामात होते. बुधरीच्या घरी कोनाच्या चिठ्ठ्या येतात, हे मले जानेवारीतच समजलं होतं. बोललो नाई.

हरिदास अक्षय तृतीयेले कागद घेऊन आला. त्याले चहा पाजला न परत धाडलं. वावर इकाचं नाई म्हनून सांगतलं. सातही एकरात सरकी टोबून झाली, चांगली उगवली.

एक गोष्ट कोनालेच सांगतली नाई, तुह्या मामीलेही नाई. कापूस वेचाच्या आधी वावरात सीतादई करतो ना आपन, दही-भाताचा निवद दाखवून? दोन वर्स म्या ते केलंच नाई. वावरात जाऊन नुसताच बसून येत होतो. तसा काळा कापूस देवीसमोर ठेवाची मले लाज वाटे.

यंदा करनार हाओ. दिवाळीच्या आधी ये. पयलं बोंड तूच तोड.

तुहा मामा, मुखरू