घारखडकावरचा जाळ

मालवण, ६ फेब्रुवारी १९६१

चि. सत्यवान यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

घरात दोन खोल्या रिकाम्या असताना कचेरीतल्या मित्रांना घेऊन घारखडकावर तंबू ठोकायची हौस तुलाच सुचणार! कोल्हापूरला राहून गावची रीतही विसरलास? बेटावर जाळ दिसला म्हणजे होडी फुटून कोणीतरी अडकलंय, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. शनिवारी तिन्हीसांजेला तुमचा जाळ दिसला आणि सहा होड्या हातातली कामं टाकून निघाल्या. तिथं साहेब चहा ढोसत बसलेले! तुझे भावोजी अजून तुझ्या नावानं बोटं मोडताहेत.

हे हसण्यावारी नेऊ नकोस. काशीबाई पेजेचं भांडं घेऊन किनाऱ्यावर धावत आली होती. तिचा मुलगा गुरुदास गेल्या वैशाखातल्या वादळात होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. तिला वाटलं, तोच. होडीवाल्यांनी तुझं नाव सांगितलं, पण तिला पटेना. काल संध्याकाळीही वाळूत येऊन बसली होती. मला बघवत नाही. तू येऊन तुझ्या तोंडानं तिला सांग.

राग आहे, मायाही आहे.
अक्का

कोल्हापूर, १० फेब्रुवारी

ती. अक्कास सत्यवानाचा शि. सा. नमस्कार.

चुकलो, किती वेळा म्हणू? गारठलो होतो म्हणून जाळ केला. काट्यांनी पोटऱ्या सोलल्या, पाण्याची कळशी खडकावरून घरंगळली, हेडक्लार्कचा बूट फाटला आणि वर भावोजींच्या शिव्या खाल्ल्या. एवढं पुरे नाही? रजा शिल्लक नाही, शिमग्याला येईन. सोबत काशीबाईंना चिठ्ठी आहे, तेवढी वाचून दाखव.

राग उतरला की लोभ पूर्ववत करावा.
सत्यवान

मालवण, १४ फेब्रुवारी

चि. सत्यवान यास आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून दाखवली. जाळ तुझाच होता हे आता काशीबाईला पटलंय. मग म्हणाली, सत्यवान पलीकडच्या अंगाक गेल्लो काय, तेका थंय काय गावलां काय, इतक्यांच इचार. बेटाच्या पलीकडच्या बाजूला कड्याखाली होडी लागत नाही, म्हणून गुरुदास हरवला तेव्हा कोणाला तिकडे शोधता आलं नव्हतं. तुम्ही तर पायी हिंडायलाच गेला होता ना? मग तिकडे त्याचं काही सापडलं का, याबद्दल चिठ्ठीत एक अक्षर कसं नाही? मी काय सांगू त्या बाईला? पुरे झाल्या चिठ्ठ्या.

लोभ आहे म्हणूनच लिहिते.
अक्का

कोल्हापूर, १७ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. नमस्कार.

पलीकडे गेलो नव्हतो. काट्यांना कंटाळून अर्ध्यातून परतलो. ज्याच्याबरोबर पोहायला शिकलो, त्या गुरुदासाची मला तिथं आठवणसुद्धा झाली नाही, अक्का. लाज वाटते.

बिनपगारी रजा घेऊन पुढच्या शनिवारी एकटाच येतोय. भावोजींना होडी तयार ठेवायला सांग. काशीबाईंना सांग, पलीकडे जाऊन आल्याशिवाय मी त्यांना तोंड दाखवणार नाही.

तुझाच,
सत्यवान