पाग टाकल्यासारखा स्विंग

गास,
१८ जानेवारी २०२५

प्रिय फिलू,

तुम्ही सगळे मजेत असाल. इथे प्रभूच्या कृपेनं आई ठणठणीत आहे, मीही. थंडी बरी पडलीय, वालाच्या शेंगा भरपूर लागल्यात. ब्रायन सोमवारी मस्कतला परततोय, त्याच्या हाती आपल्या केळ्यांची सुकेळी पाठवतेय. आईनं कावळ्यांशी भांडून सुकवलीत, तेव्हा शेजारीपाजारी वाटण्याआधी तू खा, असा तिचा निरोप आहे. पत्रही त्याच पिशवीत आहे. फोन का नाही केला, ते पुढे कळेल.

आधी गंमत सांगते. मी गोल्फ खेळते.

हस, हस. लेस्लीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तू पाठवलेला तो काठ्यांचा संच आठवतो? ‘बहिणीनं मला बोंबील वाळत घालायला काठ्या पाठवल्यात,’ म्हणत त्यानं तो माळ्यावर टाकला होता. एका काठीनं कैऱ्या पाडायचा, तेवढाच त्याचा गोल्फ. तो देवाघरी गेल्यावर मी त्या पिशवीला हात लावला नव्हता. मग माझा खांदा आखडला, मोठ्या मुश्किलीनं मोकळा झाला, आणि डॉक्टर म्हणाले, आता हात हलता ठेवा. २०२३ साली भातकापणीनंतर माळा झाडताना पिशवी खाली आली. एक काठी घेऊन मी अंगणात उगाच फिरवत होते, तर रस्त्यावरून प्लासिड थांबून बघायला लागला.

प्लासिड तुला माहीत आहे. मागच्या आळीतला, दुबईत हिशेबाचं काम करायचा. बायको, आग्नेस, वारल्यावर कायमचा परत आला. तिकडे साहेबांबरोबर गोल्फ शिकलेला.

“ज्युलिएट, ती काठी आहे, झाडू नाही,” तो म्हणाला.

“मग दाखव कशी धरतात!”

माझ्या भावानं माहेरून, पाचूबंदरहून, मासेमारीचं एक जुनं जाळं आणून दिलं. ते शेताच्या कडेला दोन माडांना बांधलं, चेंडू अडवायला. आणि माझा पहिला स्विंग! चेंडू होता तिथेच, ढेकूळ मात्र उडून प्लासिडच्या शर्टावर. आई ओटीवरून ओरडली, “अगो, गोलफ खेलते का भात झोडते?”

बरोबर होतं तिचं. लग्न होऊन तुमच्या घरात आल्यावर मी भात झोडायला शिकले, आणि हात तेच करत होते. पेंढी डोक्यावर न्यायची आणि फळीवर आपटायची. प्लासिड बिचारा सांगून दमला. कंबर वळव, हात आपोआप येतील. इतकं घट्ट धरू नकोस. मला सगळं कळायचं, फक्त खांद्याखाली उतरायचं नाही. पावसाळा लागेपर्यंत मी शेत नांगरून ठेवलं म्हण ना.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा तेच. शेवटी आई वैतागून म्हणाली, “तू कोल्याची पोर ना? मग पाग टाक बापासारखी!”

पाग म्हणजे आमचं ते हातानं फेकायचं गोल जाळं. पप्पांबरोबर खाडीत मीही टाकायचे. ते नुसत्या हातानं फेकून चालत नाही. आधी अंग वळतं, भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर येतो, आणि शेवटी बोटं फक्त सोडून देतात. घट्ट धरलं तर जाळं उघडतच नाही, पाण्यात गोळा होऊन पडतं. मी डोळ्यांपुढे पप्पांची पाठ आणली आणि वळले. टक्! आवाजच वेगळा. चेंडू जाळ्यावरून, केळींवरून, थेट आपल्या विहिरीत.

“मासोली गावली!” आईनं टाळ्या वाजवल्या.

आता जवळचे फटकेही सुधारतायत. अंगणात डबा पुरलाय, त्यात चेंडू हळूच ढकलायचा. आईसुद्धा स्वतःच्या काठीनं खेळते आणि लबाडी करून जिंकते. हरेल त्यानं चहा करायचा. म्हणून रोज प्लासिडच करतो. आईला बिनसाखरेचा, मला आलं घालून. आता त्याला विचारावं लागत नाही.

एवढ्यावरून तुला कळलं असेलच.

नाताळानंतर, जाळं सोडवताना, त्यानं लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, आईला सोडून मी कुठेही येणार नाही. तो म्हणाला, “तुला कुठे नेतोय? मला इथे जागा आहे का, ते विचारतोय.”

आईचे कान तुला माहीत आहेत. “जागा हाय! पन घोरत असशील तर माल्यावर झोप.”

मग ती लेस्लीच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून त्याच्याशी बोलत बसली. काय बोलली, मी विचारलं नाही. उठली तेव्हा डोळे पुसत हसत होती. “सून होती, आता घरजावईपन आला. फिलूला लिव. तूच लिव.”

लग्न ईस्टरनंतर. त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये लग्नाच्या घोषणेत आमची नावं वाचतील. सगळ्या गासच्या आधी तू ऐकायला हवंस. फोनवर तू गप्प झाली असतीस तर मी पुढे बोललेच नसते.

शेतकऱ्याच्या घरात कोळ्याची मुलगी आली म्हणून तेव्हा किती बोललं गेलं. तू सगळ्यांदेखत धावत येऊन मला ‘वहिनी’ म्हटलंस. त्या एका हाकेवर मी या घरात पाय रोवले. आता मी दुसऱ्याची बायको होणार. मग तू मला काय म्हणशील, एवढीच भीती आहे, फिलू.

तू नको म्हणालीस तर थांबेन, असं लिहिणार होते. पण ते खोटं झालं असतं. लग्न मी करणार आहे, आणि मी आनंदात आहे. फक्त त्या दिवशी तू पुढच्या बाकावर आईशेजारी असलीस, तर माझी मूठ सैल राहील. ये. येशील तेव्हा तुलाही खेळायला शिकवीन. काठ्या तुझ्याच आहेत शेवटी.

सुकेळ्यांना मुंग्या लागतात, डबा घट्ट लाव.

तुला न विचारताच लिहिते,
तुझी वहिनी,
ज्युलिएट