सुभद्राचं दार आमच्या घरी आलं

रामदासपेठ, नागपूर

माझ्या लाडक्या रुपराव, तुझ्या ताईचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समजून पुढं वाच. कंबर कशी आहे? वखारीत स्वतः ओंडके उचलत नसशील तर बरी असेल, उचलत असशील तर मले कळवू नको. इंदूले आणि लेकरांना आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुर करतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. मी दुसरीपर्यंतच शिकली, म्हणून एखादी मात्रा घरंगळली असेल तर उचलून जागेवर ठेव.

तर आमचं मंडळ हललं, आणि असं थाटात हललं की तू पाहायले पाहिजे होतं. (मंडळ काय ते तुले मधुकरच्या लग्नात सांगितलं होतं, पण तू तेव्हा जेवून राहिला होता, म्हणून पुन्हा सांगते.) दुपारची भांडी झाली की आम्ही बाया सुभद्राच्या ओसरीवर जमतो आणि वाद घालतो. नुसत्या गप्पा नाही, वाद. अर्ध्या बायांना लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक वादाचं चित्र सुभद्राच्या दारावर गेरूनं नाही तर चुन्यानं काढायचं. कडीच्या वर चालू वाद, कडीच्या खाली मिटलेले. मिटलेला वाद कोणी उकरून काढला तर सुभद्रा बोलत नाही, नुसतं दाराकडे बोट दाखवते, आणि भल्याभल्या बाया गप बसतात. जावयाले दुसऱ्यांदा विचारून वाढायचं की न विचारता, त्याचं ताट खाली आहे. माणूस चंद्रावर उतरला का, तो चंद्र मात्र वरच आहे, कारण तुळसाबाई मानत नाही. ती म्हणते, इतका खर्च करून गेला, मग राहिला काहून नाही?

आणि खाली एक उशी आहे. ती नीट ध्यानात ठेव. सुभद्रा एकटी राहते, लेक दूर भिलाईले. मागं ती तापानं फणफणली तेव्हा मी म्हटलं, चाल वं माझ्या घरी. तिनं तापातच वाद घातला की स्वतःचं घर असलेल्या बाईनं दुसऱ्याच्या घरी उशी ठेवायची नाही, आणि जिंकली. (तापलेल्या बाईशी कोण भांडणार?) उशी कडीखाली गेली. तेव्हापासून माझं तोंड बंद.

मग रस्ता रुंद झाला आणि सुभद्राची ओसरी त्यात गेली. आमची बैठक गेली ती गेली, दार थेट रस्त्यावर आलं. सायकलवाले थांबून चित्रं पाहायले लागले. एकानं विचारलं, इथं जादूटोणा होते का? त्यावर कडी म्हणजे एका गाईनं चुन्याची चित्रं चाटायले सुरुवात केली. यमुताईचा सुनेबद्दलचा निकाल तिनं पुरा चाटून साफ केला. यमुताई त्या गाईले अजून पोळी देत नाही.

मी म्हटलं, मंडळ आमच्या पडवीत आणा, आणि दार कब्ज्यांतून, म्हणजे बिजागऱ्यांतून, काढून सोबत आणा. सुभद्रा लगेच तयार झाली. इतकी वर्षं जपलेलं गाईच्या पोटात जाण्यापेक्षा दार गेलेलं बरं, म्हणाली, मी तिथं पोत्याचा पडदा लावून झोपेन. रस्त्याच्या कडेले, पोत्याआड, एकटी. माझ्या घरी चाल म्हटलं असतं तर तिनं उशीकडे बोट दाखवलं असतं.

दार हातगाडीवर उताणं निघालं, मागून आम्ही सगळ्या, चित्रं पुसू नयेत म्हणून वर पदर धरून. एका म्हाताऱ्यानं रस्त्यात हात जोडले, आम्हीही जोडले, काय करतो.

पडवीत उघडणाऱ्या आमच्या मागच्या खोलीले दार नव्हतंच, तिथं नत्थू सुतारानं ते बसवलं. तुझ्या धंद्यातलं आहे, तुले लगेच समजेल. सुभद्राच्या दाराचे कब्जे डाव्या हाताले, आमची चौकट उजव्या हातची. चित्रं बाहेरच पाहिजेत, म्हणून नत्थूनं दार खालचं वर केलं. मी बाजूलेच उभी होती. चहा देऊन राहिली होती.

सगळ्या बसल्या, वर पाहिलं, आणि गलका झाला. मिटलेलं सारं कडीच्या वर. जावई पुन्हा उपाशी, आणि चंद्र खाली गेला, म्हणून तुळसाबाई रुसून बसली. सुभद्रा मात्र उभीच. उलटी उशी पाहत राहिली. मग म्हणाली, म्हणजे हा वाद आता चालू आहे तर. मी म्हटलं, आहे बापा, दारच सांगते. तिच्याइतकं दाराचं मानणारी कोणी नाही. निकाल लागेपर्यंत इथंच थांबते म्हणाली, आणि आपली कपड्यांची पेटी आणायले गेली.

तेव्हापासून आम्ही वाद घालून राहिलो. मंडळ एकदम जोरात आहे. निकाल लागायच्या बेतात आला की मी जावयाच्या ताटाचा विषय काढते.

तुझी ताई,
भागीरथा

ता. क. सुभद्रा शेजारी बसून सांगते आहे की तुझ्या वखारीतून तिच्या घरासाठी एक साधं मजबूत दार पाठव, पोळ्याच्या आत, आणि भाव वाजवी लाव.

ता. क. दुसरा. ती भात उतरवायले गेली. दार पाठवू नको. लाकूड ओलं आहे, वाळून राहिलं असं लिही, आणि तिच्या नावानं लिही, म्हणजे तिले स्वतःले वाचता येईल. पुढच्या साली विचारलं तरी ते ओलंच असलं पाहिजे.